करंगळीची तक्रार

(सायकल चालवताना पुष्कळांच्या हातांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात. असे का होते आणि ते कसे टाळता येते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण रोज सायकलने शाळेत येतात. कोणी दूरच्या मोहल्ल्यातून येतो, कोणी शेजारच्या खेड्यातून. पावसाळ्यात रस्त्यावर खड्डे पडलेले असतात. घरून निघायला उशीर झालेला असतो, म्हणून तुम्ही हँडल घट्ट धरून जोरजोरात पायडल मारता. शाळेत पोहोचल्यावर सायकलला कुलूप लावायला जाता, तर किल्ली हातातून निसटते. वर्गात येऊन पेन धरता, तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट जणू आपले नाहीच, असे वाटते. हात झटकला की बोटांतून मुंग्या धावतात. पाच-दहा मिनिटांनी सारे पूर्ववत होते आणि तुम्ही ते विसरून जाता.

मराठीत याला 'हाताला मुंग्या येणे' असे म्हणतात. हात 'सुन्न' झाला, असेही म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे, कारण उर्दूतही हात सुन्न होतो. घरी तुम्ही हे सांगितले असेल, तर अम्मी म्हणाल्या असतील, "सायकल चालवून हात थकला असेल, थोडा वेळ आराम कर." पण थकलेला हात दुखतो, जड होतो, त्याला मुंग्या येत नाहीत. मुंग्या येण्याचे कारण वेगळे आहे. ते समजून घेण्यासाठी आधी आपल्या हाताच्या आत काय आहे, ते पाहू.

हातातील तारा

बाकाच्या कडेवर तुमचे कोपर कधी आपटले आहे का? आपटले असेल, तर ती झिणझिणी तुम्ही विसरला नसाल. विजेचा झटका बसावा तशी ती कोपरापासून निघते आणि थेट करंगळीपर्यंत जाते. मार कोपराला बसला, मग करंगळीला झिणझिण्या का?

याचे उत्तर सोपे आहे. आपल्या शरीरात मेंदूकडून अवयवांकडे आणि अवयवांकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या दोऱ्या असतात. त्यांना चेता म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यांना 'आसाब' म्हणता. घराघरांत जशा टेलिफोनच्या तारा असत, तशाच या चेता समजा. त्यांतील एक चेता मानेपासून निघते, दंडाच्या आतल्या बाजूने खाली येते, कोपराच्या मागून वळते आणि करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत जाते. तिला अल्नर चेता म्हणतात. कोपराजवळ ती त्वचेच्या अगदी खाली असते. तेथे मार बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात.

आता तुमचा तळहात वर करा. मनगटाला जेथे घडी पडते, तेथे करंगळीच्या बाजूला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. वाटाण्याएवढे एक हाड अंगठ्याला लागेल. त्याच्या थोडे पुढे, तळहातात, आकड्यासारखे टोक असलेले दुसरे हाड आहे. या दोन हाडांच्या मधून एक अरुंद वाट जाते. फ्रान्समधील शल्यविशारद फेलिक्स ग्युयों यांनी १८६१ साली या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला ग्युयोंची नळी असे नाव पडले. अल्नर चेता याच वाटेने तळहातात उतरते. येथे तिच्यावर जाड स्नायूंचे पांघरूण नसते. त्वचा, थोडी चरबी आणि पातळ पडदे, एवढेच तिचे संरक्षण.

आणि सायकलच्या हँडलची मूठ नेमकी येथेच टेकते!

ही चेता दोन कामे करते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेचा अर्धा भाग यांना झालेला स्पर्श ती मेंदूला कळवते. शिवाय, हातातील पुष्कळशा लहान स्नायूंना ती मेंदूचा हुकूम पोहोचवते. बोटे फाकवणे, ती पुन्हा जवळ आणणे, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत किल्ली घट्ट धरणे, ही सारी कामे या स्नायूंची. म्हणून ही चेता दाबली गेली, तर कोणाची करंगळी बधिर होते, कोणाच्या चिमटीतला जोर कमी होतो, तर कोणाला दोन्ही त्रास होतात.

तळहाताच्या मधून जाणारी आणखी एक चेता आहे. तिचे नाव मिडियन चेता. मनगटाच्या मध्यभागी एक बोगदा आहे. त्यातून ही चेता आणि बोटे वाकवणाऱ्या नऊ चिवट दोऱ्या दाटीवाटीने जातात. मनगट बराच वेळ वाकलेले राहिले की बोगद्यातला दाब वाढतो. मग अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात. म्हणजे कोणती बोटे तक्रार करत आहेत, हे नीट पाहिले तर कोणती चेता दाबली जात आहे, याचा अंदाज आपल्याला करता येतो.

दाबल्याने काय होते?

जमिनीवर बराच वेळ मांडी घालून बसले की पाय बधिर होतो. उठून उभे राहावे, तर पाय कोठे पडतो तेच कळत नाही. त्या वेळी पायातील चेता दाबली गेलेली असते. चेतेला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही तिच्याबरोबर दबतात. रक्त कमी पडले की चेतेला संदेश नेता येत नाही. दाब काढला की रक्त पुन्हा वाहू लागते, चेता जागी होते आणि जागी होता होता ती वेडेवाकडे संदेश पाठवते. त्याच आपल्या मुंग्या.

सायकलवर या दाबात हादऱ्यांची भर पडते. प्रत्येक खड्डा, प्रत्येक दगड चाकाला हादरा देतो. तो हादरा हँडलमधून हातात येतो. पाच किलोमीटरच्या खराब रस्त्यावर असे शेकडो हादरे बसतात. आधीच दाबलेल्या चेतेवर हे छोटे छोटे हातोडे पडत राहतात.

ही तक्रार आजची नाही. १८६० नंतरच्या काळात युरोपात जी पायडलची दुचाकी आली, तिची चाके लाकडाची होती आणि त्यांवर लोखंडी धाव बसवलेली असे. दगडी रस्त्यांवरून ती इतकी हादरे, की इंग्लंडमधील लोकांनी तिचे नावच 'हाडे खिळखिळी करणारी' असे ठेवले. पुढे आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर राहत होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत जमिनीवर फार उसळत असे. मुलाचा त्रास कमी व्हावा, म्हणून त्यांनी चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिली. १८८८ साली त्यांनी या टायरचे पेटंट घेतले. आज तुम्ही दुकानात जाऊन चाकात हवा भरता, तेव्हा एका बापाने मुलासाठी शोधलेला उपायच तुम्ही वापरत असता.

हवेच्या टायरने हादरे कमी झाले, पण हाताची तक्रार पूर्ण मिटली नाही. १८९६ साली देस्तो या फ्रेंच डॉक्टरांनी सायकल चालवल्यामुळे अल्नर चेता अशक्त होते, असे एका लेखात लिहिले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २००३ साली, एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाहणीत ६०० किलोमीटरची फेरी करणाऱ्या २५ सायकलस्वारांचे हात फेरीच्या आधी आणि नंतर तपासले होते. त्यांपैकी २३ जणांच्या हातांत काही ना काही बिघाड आढळला. कोणाचा स्पर्श मंद झाला होता, कोणाचा जोर कमी झाला होता. तेव्हा मित्रांनो, हात सुन्न होणे हे नवशिक्याचे किंवा दुबळ्याचे लक्षण नाही. सराईत सायकलस्वारालाही हा त्रास होतो.

हातांवर भार का पडतो?

सायकलवर बसल्यावर आपले वजन तीन ठिकाणी वाटले जाते : सीटवर, पायडलवर आणि हँडलवर. यांपैकी सीट आणि पायडल यांनी भार उचलायचा असतो. हातांचे काम सायकल वळवण्याचे आणि ब्रेक लावण्याचे. पण काही चुका अशा असतात, की शरीराचा भार हळूहळू हातांवर सरकतो.

पहिली चूक सायकलच्या मापाची. पुष्कळ घरांत एकच सायकल असते आणि ती वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या मापाची असते. तिचे हँडल मुलाला लांब पडते. मग तो पुढे ओणवा होतो, त्याचे कोपर ताठ होतात आणि छातीचा सारा भार तळहातांवर येतो. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या राज्यातील काही तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. सायकली एकसारख्या, पण मुलींची उंची निरनिराळी. सायकल मिळाल्यावर ती आपल्या मापाची करून घेणे हे आपले काम आहे.

दुसरी चूक सीटची. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर बसणारा सारखा पुढे घसरतो. घसरू नये म्हणून तो हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. सीट हँडलपेक्षा फार उंच असेल, तरी हेच होते.

तिसरी चूक दप्तराची. वह्या-पुस्तकांनी भरलेले दप्तर पाठीवर घेऊन तुम्ही पुढे वाकता, तेव्हा त्याचे ओझे खांद्यांवरून हातांवर उतरते. काही जण दप्तर हँडलला अडकवतात. तेही बरे नाही. हँडल एका बाजूला ओढले जाते आणि ते सरळ ठेवण्यासाठी मूठ अधिकच आवळावी लागते.

चौथी चूक आपल्या मनातली. गर्दी, ट्रकचा भोंगा, उताराचा वेग यांची भीती वाटली की आपण हँडल घट्ट आवळतो. भीती निघून जाते, पण मूठ तशीच आवळलेली राहते. मनगट मागे मोडल्यासारखे वाकलेले राहते. जितकी मूठ घट्ट, तितके हादरे अधिक जोराने हातात शिरतात.

उपाय आपल्या हातात

आता उपाय पाहू. यांतील बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत.

(१) आधी सीट तपासा. एका मित्राला सायकल सरळ धरायला सांगा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला, तर सीटची उंची योग्य आहे. पुढे चालवताना तुम्ही पायाचा चवडा पायडलवर ठेवाल, तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट वरून सपाट असावी. तिच्यावर फूटपट्टी ठेवून पाहा. टोक खाली गेले असेल, तर पान्याने सीटखालचा नट सैल करून ती सपाट करा आणि नट पुन्हा घट्ट आवळा. सीट वर घेताना मात्र तिच्या नळीवरची खूण पाहा. त्या खुणेपेक्षा जास्त नळी बाहेर काढू नका.

(२) हँडल सीटइतके किंवा तिच्यापेक्षा थोडे उंच असू द्या. दूधवाल्यांची जुन्या पद्धतीची काळी सायकल तुम्ही पाहिली असेल. तिचे हँडल मागे वळलेले असते, त्यामुळे चालवणारा ताठ बसतो आणि हातांवर भार कमी येतो. नव्या, सरळ दांड्याच्या हँडलवर आपण अधिक वाकतो. अशी सायकल असेल, तर हँडलच्या उंचीकडे जास्त लक्ष द्यावे लागते. हँडल वर घेण्याचे काम सायकलच्या दुकानातच करून घ्या. काळ्या सायकलीत ब्रेकच्या सळया हँडलला जोडलेल्या असतात. हँडल हलले की त्याही पुन्हा जुळवाव्या लागतात.

(३) दप्तर मागच्या कॅरिअरवर ठेवून नीट बांधा. त्याचा बंद चाकात जाणार नाही, याची काळजी घ्या.

(४) कोपर थोडे वाकलेले ठेवा. वाकलेले कोपर हादरा झेलतात, ताठ कोपर तो खांद्यापर्यंत पोहोचवतात. हाताचा पंजा आणि मनगट एका रेषेत असू द्या. चिमणीचे पिल्लू जसे हळुवार धरावे, तशी मूठ धरा : ते निसटू नये आणि चिरडूही नये.

(५) एकाच जागी हात ठेवून बसू नका. दर काही मिनिटांनी पकड बदला. कधी तळहाताचा मधला भाग टेकवा, कधी पकड थोडी बाहेर सरकवा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मुठीवरची बोटे एकेका हाताने उघडून मिटा. सिग्नलला थांबलात की दोन्ही हात खाली सोडून झटका. गर्दीत मात्र दोन्ही हात हँडलवर आणि बोटे ब्रेकजवळच हवीत.

(६) गतिरोधक किंवा खड्डा दिसला की वेग कमी करा. सीटवरून किंचित उठा, गुडघे आणि कोपर वाकवा. हादरा पायांना घेऊ द्या. पाय हातांपेक्षा बळकट असतात.

(७) चाकांत योग्य हवा ठेवा. किती हवा असावी, हे टायरच्या कडेवर छापलेले असते. हवा फार जास्त असेल, तर चाक दगडासारखे कडक होते आणि हादरे वाढतात. हवा फार कमी असेल, तर सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते.

(८) मुठींवरचे रबर झिजले असेल, तर बदला. नवे मऊ रबर घेणे शक्य नसेल, तर जुन्या ट्यूबची पट्टी मुठीवर गुंडाळता येते. पण ती फार जाड करू नका. मूठ जाड झाली, तर लहान हाताची बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत. तळहातावर गादी असलेले हातमोजेही मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण सीट वाकडी असेल, तर एकटे हातमोजे काय करणार?

हात सुन्न झालाच तर

एवढे करूनही हात सुन्न झाला, तर रस्त्याच्या कडेला थांबा. सायकलवरून उतरा. हात खाली सोडा, मनगट सरळ ठेवा, बोटे उघडा आणि मिटा. मुंग्या जाईपर्यंत पुढे निघू नका. बधिर बोटांनी ब्रेक किती दाबला जात आहे, हे कळत नाही. समोरून अचानक एखादे लहान मूल धावत आले, तर तुमचा ब्रेक वेळेवर लागला पाहिजे. शाळेला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल.

हातातला जोर पाहण्याची एक सोपी रीत आहे. कागदाचा एक तुकडा करंगळी आणि अनामिका यांच्या मध्ये घट्ट धरा आणि मित्राला तो ओढायला सांगा. मग दुसऱ्या हाताने तसेच करा. एका हातातून कागद सहज सुटत असेल, तर त्या हाताकडे लक्ष द्यायला हवे.

सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत हात पूर्ववत झाला, तर घाबरण्याचे कारण नाही. पण बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, वस्तू हातातून पडू लागल्या, रात्री झोपेत हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा सायकल न चालवताही असे होऊ लागले, तर घरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. कधी कधी याचे मूळ मानेत, मधुमेहात किंवा आहारातील कमतरतेत असते. ते डॉक्टरच शोधू शकतात. चेता थोड्या काळापुरती दाबली गेली असेल, तर ती बरी होते. कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे किंवा महिने. पण वर्षानुवर्षे कानाडोळा केला, तर हातातील लहान स्नायू वाळू लागतात. मग बोटांतला गेलेला जोर पूर्णपणे परत येईलच, असे सांगता येत नाही.

ज्यांचे हातावर पोट आहे

पहाटे तुमच्या गल्लीत सायकलवर पाव घेऊन कोण येते? दूध कोण आणते? हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून, मागे मोठी पेटी बांधून ही माणसे रोज कित्येक किलोमीटर सायकल चालवतात. त्यांतील कोणी तुमचे अब्बा असतील, कोणी चाचा, कोणी मोठा भाऊ. सायकलवरून उतरल्यावर कोणी यंत्रमागावर तुटलेला धागा जोडतो, कोणी शिवणयंत्रावर बसतो, कोणी जरीचे काम करतो. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांच्या हातांना मुंग्या येणे ही लहान गोष्ट नाही. सुईत दोरा ओवता आला नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तरीही ते बोलत नाहीत. "वय झाले, चालायचेच," असे म्हणून गप्प बसतात.

तुम्ही मात्र आता यामागचे कारण जाणता. आज संध्याकाळी त्यांना विचारा, "तुमच्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात?" त्यांच्या सायकलची सीट फूटपट्टीने तपासा. हँडलवरच्या पिशव्या मागे बांधायला मदत करा. यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. शाळेत शिकलेली एक गोष्ट घरी नेली, की झाले.

आणि तुमचा स्वतःचा हात? तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. लिहिण्याची दिशा बदलते, पण दोन्ही वेळा तळहाताची करंगळीकडची कडच कागदावर टेकते. छापखान्यात संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. कलम एकसारखी चालावी, म्हणून ते आपला हात जिवापाड जपत. तुम्हांलाही या हाताने परीक्षेचे पेपर लिहायचे आहेत, पुढे एखादा हुन्नर शिकायचा आहे, घर चालवायचे आहे. करंगळी हे हाताचे सर्वांत लहान बोट, पण हाताला धोका होऊ लागला की पुष्कळदा तीच पहिली हाक देते. ती हाक ऐका.

शब्दार्थ

पूर्ववत – पहिल्यासारखे
बधिर – स्पर्श न कळणारा, सुन्न
चेता – शरीरात संदेश नेणारी दोरी, आसाब
अनामिका – करंगळीच्या शेजारचे बोट
तर्जनी – अंगठ्याच्या शेजारचे बोट
शल्यविशारद – शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर
धाव – चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी
पाहणी – तपासणी करून मिळवलेली माहिती
सराईत – चांगला सराव असलेला
ओणवा – पुढे वाकलेला
चवडा – पावलाचा पुढचा भाग
कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे
हातावर पोट असणे – रोज काम करून रोजचे पोट भरणे
कातिब – सुंदर अक्षरांत मजकूर लिहिणारा
हुन्नर – कसबाचे काम, हुनर

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोपर आपटल्यावर झिणझिण्या कोणत्या बोटापर्यंत जातात?
(आ) ग्युयोंच्या नळीतून कोणती चेता तळहातात उतरते?
(इ) डनलॉप यांनी हवेचे टायर प्रथम कोणासाठी तयार केले?
(ई) चाकात किती हवा असावी, हे कोठे छापलेले असते?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) सीटचे टोक खाली झुकलेले नसावे.
(आ) दप्तर हँडलला अडकवू नये.
(इ) सायकलच्या मुठीवर फार जाड पट्टी गुंडाळू नये.
(ई) हात सुन्न झाल्यावर सायकल चालवत राहू नये.

प्रश्न ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(मिडियन, वाकलेले, पाय, हादरे)
(अ) अंगठा आणि तर्जनी यांना मुंग्या आल्या, तर ........ चेता दाबली गेलेली असू शकते.
(आ) सायकल चालवताना कोपर थोडे ........ ठेवावे.
(इ) हातांपेक्षा ........ बळकट असतात.
(ई) चाकातील हवा फार जास्त असेल, तर ........ वाढतात.

प्रश्न ४. वाक्यांत उपयोग करा.
मुंग्या येणे, कानाडोळा करणे, हातावर पोट असणे, जिवापाड जपणे.

प्रश्न ५. आठ-दहा ओळींत उत्तर लिहा.
सायकलवर हातांवर भार पडू नये, म्हणून तुम्ही कोणकोणती काळजी घ्याल?

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारची एक सायकल तपासा. तिची सीट, हँडल, मुठी, ब्रेक आणि चाकांतील हवा यांविषयी वहीत टिपणे लिहा. कोणत्या दुरुस्त्या हव्यात, ते सायकलच्या मालकाला मराठीत समजावून सांगा.